गावच्या तलावावरची पक्षीमोजणी: वीस वर्षं टिकेल अशी नोंद कशी सुरू करायची

जानेवारीत तलावावर गेलं की बांधावर कुणीतरी भेटतंच आणि एक वाक्य ठरलेलं असतं, "पूर्वीसारखी बदकं राहिली नाहीत आता." मी विचारतो, पूर्वी म्हणजे कधी? आणि किती होती? मग समोरचा हात पसरून दाखवतो, "अहो, पाणी दिसत नव्हतं." हे खोटं नाही, पण त्यावरून काहीच ठरवता येत नाही. माणसाला गर्दीचे दिवस लक्षात राहतात, रिकामे दिवस राहत नाहीत.

देशपातळीवर पाहिलं तरी हीच अडचण आहे. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा आढावा निघाला, त्यात ९४२ प्रजातींचा विचार झाला. तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींवर नोंदी हाताशी होत्या. तरीही दीर्घकालीन कल सांगता आला तो फक्त ३३८ प्रजातींचा. त्यातल्या साधारण ६० टक्के घटलेल्या निघाल्या. उरलेल्या सहाशेंबद्दल तसं काही सांगता आलं नाही, कारण जुने आकडे पुरेसे नव्हते.

गिधाडांची गोष्ट याच्या उलट आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. पुढच्या दशकात त्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा घसरण कागदावर दिसली. तिथून शोध सुरू झाला. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध कारण असल्याचं २००४ मध्ये शास्त्रीय पुराव्यासह प्रसिद्ध झालं आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात बंदी आली. पहिली मोजणी करताना पुढे हे होणार आहे हे कुणालाही ठाऊक नव्हतं. ती मोजणी नसती, तर "गिधाडं कमी दिसतात हल्ली" एवढंच म्हणत आपण आणखी काही वर्षं घालवली असती.

मी भीमेच्या खोऱ्यातल्या एका पाझर तलावावर मोजतो. पुढे जे लिहिलंय ते तिथल्या चुकांमधून शिकलेलं आहे. माळढोक, वाघ, कासवं किंवा फुलपाखरं मोजायची असतील तर पद्धत वेगळी लागेल, पण शिस्त हीच.

आधी प्रश्न, मग दुर्बीण

"तलावावरचं सगळं नोंदवू" असं ठरवून सुरुवात केलेली वही साधारण दुसऱ्या पावसाळ्यात बंद पडते. एकच प्रश्न घ्या, तोही एका ओळीत मावेल असा. माझा असा आहे: या तलावावर जानेवारीत येणाऱ्या पाणपक्ष्यांची संख्या वर्षागणिक कशी बदलते, आणि तिचा पाण्याच्या पातळीशी काय संबंध आहे? बाकी जे दिसेल ते वहीच्या मागच्या पानावर लिहायचं. तिथे कोल्हाही आहे, विंचूही आहे, पण त्यांच्यासाठी मोजणी थांबत नाही.

प्रश्न ठरवताना आपली ताकद बघा. एखादी प्रजाती दरवर्षी ३ टक्क्यांनी घटत असेल, तर दहा वर्षांत ती साधारण २६ टक्क्यांनी कमी होते आणि वीस वर्षांत ४६ टक्क्यांनी, म्हणजे जवळपास निम्मी. पण त्याच तलावावर एका वर्षीचा आकडा आदल्या वर्षापेक्षा ३० टक्के वरखाली सहज होतो. पाऊस, थंडी, शेजारच्या धरणातलं पाणी, काहीही कारण असू शकतं. म्हणून पहिली पाच वर्षं कुठलाही निष्कर्ष काढायचा नाही, हे आधीच मनाशी ठरवा. ज्यांना दुसऱ्या वर्षी बातमी हवी असते त्यांच्यासाठी हे काम नाही.

जागा निवडणं

नवशिका माणूस सगळ्यात जास्त पक्षी दिसणारी जागा निवडतो. तिथे थोडा फसतो. ऐन बहरात असलेली जागा निवडली की पुढे आकडा बहुतेक खालीच येतो आणि आपण त्याला घट समजतो. त्यापेक्षा जिथे तुम्ही पुढची वीस वर्षं दर महिन्याला जाऊ शकता ती जागा घ्या. घरापासून सायकलने अर्ध्या तासात पोहोचता येणारा साधा तलाव हा दोनशे किलोमीटरवरच्या प्रसिद्ध पाणथळीपेक्षा बरा. जमलं तर शेजारचा आणखी एक तलावही धरा. एकावर घट आणि दुसऱ्यावर वाढ दिसली तर पक्षी संपले नाहीत, सरकले, हे कळतं.

तलावाचा हाताने नकाशा काढा: बांध, सांडवा, ओढा कुठून येतो, गाळपेर कुठे होते, पाणकणीस कुठे आहे, बेशरम कुठवर पसरलीय. मग उभं राहायच्या जागा ठरवा. माझ्या तलावाला चार पुरतात. प्रत्येक जागेवरून तलावाचा कोणता तुकडा मोजायचा याची हद्द नकाशावर रेघेने आखा, म्हणजे तोच थवा दोनदा मोजला जात नाही. सकाळी मोजायचं असेल तर सूर्य पाठीशी राहील असा काठ घ्या, म्हणजे पूर्वेचा. पश्चिमेच्या काठावरून सकाळी आठ वाजता सगळीच बदकं काळी दिसतात.

गावचा तलाव असला तरी ग्रामपंचायतीत आणि मासेमारीचा ठेका असलेल्या सोसायटीत एकदा जाऊन सांगून या. दुर्बीण घेऊन रोज काठावर उभा राहणारा माणूस लोकांना सर्व्हेवाला वाटतो, आणि सर्व्हे म्हटलं की जमीन जाणार ही भीती आलीच. अभयारण्यात वनविभागाची लेखी परवानगी लागते, तिथे ओळखीपाळखीवर जाऊ नका. ड्रोन तर नकोच. थवा उठला की त्या दिवशीची मोजणी संपली.

वेळ ठरवायची आणि मग हलवायची नाही

महिन्यातून एकदा, दुसऱ्या रविवारी. जानेवारीत मात्र तीनदा, लागोपाठच्या तीन रविवारी. एकाच महिन्यातले तीन आकडे हाती असले की नैसर्गिक चढउतार केवढा असतो ते समजतं. त्यातला सगळ्यात मोठा आकडा "खरा" म्हणून उचलायचा मोह होतो, तो टाळा. तिन्ही लिहा, तुलनेसाठी सरासरी घ्या.

जानेवारीच का? हिवाळी पाहुणे तोवर स्थिरावलेले असतात, आणि आशियाई पाणपक्षी गणनाही याच महिन्यात होते. ती १९८७ पासून चालू आहे, त्यामुळे तुमचा आकडा मोठ्या चित्रात बसतो. आमच्याकडे जानेवारीत सूर्य साधारण सात-दहाला उगवतो. मी साडेसातला सुरू करतो आणि साडेनऊच्या आत संपवतो. धुकं असलं तर वाट पाहतो. दहा वाजेपर्यंत निवळलं नाही तर परत जातो आणि वहीत लिहितो, "धुकं, मोजणी नाही." पुढच्या रविवारी भरपाई करायची की नाही, याचा नियमही आधीच ठरवा. माझा नियम: एकदाच, आणि तीही त्याच महिन्यात.

उन्हाळ्यातले महिने कंटाळवाणे वाटतात. मे महिन्यात चार टिटव्या, दोन शेकाटे आणि एक ढोकरी मोजायला पहाटे उठणं जिवावर येतं. तरी जा. तलाव किती आटतो, कुठले पक्षी बारमाही टिकतात, हे त्याच महिन्यांत कळतं. फक्त उघड्या पडलेल्या बेटांवर चालू नका, नदी सुरय आणि टिटवी जमिनीवरच अंडी घालतात.

मोजायचं कसं

इथे जरा थांबतो, कारण सगळा खेळ इथे आहे.

लहान थवा एकेक करून मोजा. पन्नासच्या पुढे गेला की दहा-दहाने. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, त्या दहांनी किती जागा व्यापलीय ते डोळ्यांत बसवायचं, मग तेवढ्या जागेचे तुकडे पाडत थव्याच्या टोकापर्यंत जायचं. पाचशेच्या पुढे पन्नासचा तुकडा. वारकरी (काळे पाणपक्षी) दाटीवाटीने पोहतात आणि थापट्या ही बदकं पांगलेली असतात, म्हणून प्रत्येक प्रजातीचा तुकडा वेगळा.

याचा सराव घरी करता येतो. ताटात मूठभर ज्वारी पसरा. पाच सेकंद बघा, ताटावर फडकं टाका, अंदाज कागदावर लिहा, मग दाणे मोजा. पहिल्या दिवशी माझा अंदाज १२० होता आणि दाणे निघाले २०५. बहुतेकांचा अंदाज असाच कमी येतो, आणि थवा जेवढा मोठा तेवढी चूक मोठी. आठवडाभर रोज दहा वेळा केलं की हात बसतो. दर डिसेंबरात मी हा सराव पुन्हा करतो आणि चूक किती टक्के आली ते वहीच्या पहिल्या पानावर लिहितो. घरातले हसतात. हसू देत.

शक्य असेल तर दोघांनी मोजा. दोघांनी एकाच जागेवरून, एकाच वेळी, एकमेकांना न सांगता. आकडे शेवटी ताडून बघायचे. एकाला २१० वारकरी आणि दुसऱ्याला १९० मिळाले तर ठीक आहे, दोन्ही लिहा. एकाला २१० आणि दुसऱ्याला ९० मिळाले तर कुणाचं तरी पाणकणसाच्या मागचं पाणी सुटलंय. तिथल्या तिथे पुन्हा मोजा, आणि पहिले आकडे खोडू नका, बाजूला लिहा.

मध्येच भोवत्यासारखा शिकारी पक्षी आला, सगळी बदकं उडाली, काय करायचं? थांबायचं, बसू द्यायचं आणि त्या जागेची मोजणी पहिल्यापासून करायची, पण एकदाच. दुसऱ्यांदा उडाली तर "मोजणी अपूर्ण" लिहून पुढच्या जागेवर जायचं. डोक्यावरून उडत गेलेले, तलावावर न उतरलेले पक्षी वेगळ्या रकान्यात.

आता ओळख. काठावरच्या चिखलात धावणारे बारके पक्षी दुरून ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. पहिली दोन वर्षं मी सगळ्यांना "तुतवार" लिहीत होतो. तिसऱ्या वर्षी ओळखायला शिकलो आणि वहीत अचानक चार नव्या प्रजाती "आल्या". त्या आधीपासून तिथेच होत्या. म्हणून पहिल्या दिवसापासून "अनोळखी लहान काठपक्षी" असा एक रकाना ठेवा आणि त्यात लिहायला लाजू नका. खात्री नसताना लिहिलेल्या नावाने वही दिसायला भारी दिसते, पण पुढे ती वापरता येत नाही.

शून्य लिहा

नवीन माणसाच्या वहीत न दिसलेल्या पक्ष्याचं नाव नसतं. दहा वर्षांनी ती वही उघडली की पट्टकादंब त्या दिवशी नव्हते, की होते पण लिहायचे राहिले, की मोजणाऱ्याला ओळखताच येत नव्हते, यातलं काहीच समजत नाही. म्हणून पंधरा-वीस प्रजातींची यादी छापूनच घ्या आणि प्रत्येक रकाना भरा. दिसला नाही तर ०. त्या जागेवर गेलोच नाही तर फुली. शून्य आणि फुली यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माझ्या यादीत वारकरी, थापट्या, तलवार बदक, हळदी-कुंकू बदक, चक्रवाक, पट्टकादंब, टिबुकली, चित्रबलाक, मुग्धबलाक, राखी बगळा, काळा शराटी, शेकाट्या, टिटवी, नदी सुरय, कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी आहेत. तुमच्या तलावाप्रमाणे बदला, पण एकदा ठरली की नावं वाढवा, कमी करू नका.

भरलेलं पान असं दिसतं, आकडे नमुन्यादाखल:

जानेवारी, दुसरा रविवार. सुरुवात ७.३२, शेवट ९.१०. मोजणारे २. आकाश निरभ्र, वारा नाही. पाणी सांडव्याच्या माथ्याखाली १४० सेंमी. जागा १: वारकरी २१०/१९०, थापट्या ३४/३४, चक्रवाक ६/६, पट्टकादंब ०, अनोळखी लहान काठपक्षी ४०/५५. शेरा: ७.५० ला कुत्री काठावर, चक्रवाक उडून जागा ३ कडे गेले, तिथे धरले नाहीत.

त्या शेऱ्याच्या ओळीला कमी लेखू नका. पंधरा वर्षांनी एखाद्या विचित्र आकड्याचं उत्तर तिथेच सापडतं.

पाणी मोजा, नुसते पक्षी नाही

एकदा काठावर जाळं दुरुस्त करत बसलेले एक म्हातारे मासेमार मला म्हणाले, "सर, पाखरं काय मोजता, पाणी मोजा. पाखरं पाण्यामागं येत्यात." तेव्हा मी नुसतं हसलो होतो. पाच वर्षांचे आकडे मांडले तेव्हा त्यांचं म्हणणं कळलं.

उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) पाहायला जाणाऱ्यांना हे माहीत असतं. धरण तुडुंब असलं की रोहित उशिरा येतात, कारण त्यांना उथळ पाणी आणि चिखल लागतो. पाणी ओसरलं की ते येतात. नुसते जानेवारीचे आकडे पाहिले तर चांगल्या पावसाच्या वर्षी "रोहित घटले" असं दिसेल. ते घटलेले नसतात, त्यांची जागा अजून पाण्याखाली असते.

म्हणून पातळी मोजायची. सांडव्याचा माथा हा सगळ्यात सोयीचा पक्का संदर्भ. त्याच्यापासून पाणी किती खाली आहे ते सेंटीमीटरमध्ये लिहा. जलसंधारणवाल्यांनी मोजपट्टी लावली असेल तर उत्तम, नसेल तर विचारून सांडव्याच्या भिंतीवर ऑइल पेंटने खुणा करा. कधी सांडव्याची उंची वाढवली तर तारीख आणि किती वाढवली ते लिहा, नाहीतर पुढचे सगळे आकडे चुकतील.

पाऊस घरीच मोजता येतो. सरळ कडेचा पर्जन्यमापक घ्या आणि उघड्या जागी ठेवा. जवळच्या झाडाची किंवा भिंतीची जी उंची असेल, तिच्या दुप्पट अंतर सोडा. रोज सकाळी साडेआठला वाचा, हवामान खात्याचा पावसाचा दिवसही तिथेच संपतो. गावाला गेलात तर शेजाऱ्याला सांगून जा. तेही जमलं नाही तर तीन दिवसांचा मिळून एक आकडा लिहा आणि तसं नमूद करा, अंदाजाने वाटून टाकू नका.

पाण्याचा गढूळपणा मोजायचा असेल तर २० सेंमी व्यासाची, काळे-पांढरे चार पाव रंगवलेली तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडा. ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी. दुपारी, सावलीच्या बाजूने. मासेमाराच्या होडीतून महिन्यातून एकदा पुरे.

आणि फोटो. नकाशावरच्या दोन जागा निवडा आणि तिथून त्याच दिशेला, त्याच झूमवर, वर्षातून दोनदा फोटो काढा, ऑक्टोबरात तलाव भरलेला असताना आणि मे महिन्यात. फोटोत एखादी न हलणारी गोष्ट यायला हवी, विजेचा खांब किंवा देवळाचा कळस. जलपर्णी किती पसरली, ऊस किती काठापर्यंत आला, हे शब्दांत लिहिणं अवघड असतं आणि फोटोत क्षणात दिसतं.

माझ्या तलावातला गाळ एका उन्हाळ्यात काढला गेला. शेतकऱ्यांना तो हवाच होता, तलावात पाणीही वाढलं. पण काठ उभा झाला आणि उथळ चिखलाचा पट्टा गेला. पुढच्या दोन हिवाळ्यांत अनोळखी लहान काठपक्ष्यांचा रकाना जवळपास रिकामा. बदकं मात्र टिकली. फोटो नसते तर मी हे सायबेरियात काहीतरी बिघडलंय म्हणून खपवलं असतं.

पद्धत बदलली की आकड्यांची साखळी तुटते

वाघांचं उदाहरण घ्या. २००१-०२ मध्ये देशात ३,६४२ वाघ असल्याचं सांगितलं गेलं. तो आकडा पावलांच्या ठशांवरून काढलेला होता. त्यानंतर राजस्थानातल्या सरिस्क्यात एकही वाघ उरलेला नाही हे उघड झालं, आणि पद्धत बदलली. कॅमेरे आणि संख्याशास्त्राच्या आधारे २००६ साठीचा अंदाज आला १,४११. वर्तमानपत्रांत "वाघ निम्म्याहून खाली" असं छापून आलं. वाघ कमी होते हे खरं, पण या दोन आकड्यांची वजाबाकी करता येत नाही, कारण दोन वेगळी मापं आहेत. २००६ नंतरचे आकडे मात्र एकमेकांशेजारी मांडता येतात: १,७०६, २,२२६, २,९६७, ३,६८२. तेही जरा जपूनच, कारण दर वेळी पाहणीचा पसारा आणि कॅमेऱ्यांची संख्या वाढत गेली.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून केलेल्या पाणवठ्यावरच्या मोजणीचंही तसंच. अनुभव म्हणून अवश्य जा. पण मे महिन्यात एक वळीव पडला की जंगलभर डबकी साचतात आणि जनावरं पाणवठ्यावर येतच नाहीत. त्या आकड्यावरून संख्या वाढली की घटली हे सांगता येत नाही. वनविभाग आता त्याला निसर्गानुभव म्हणतो, ते बरं केलं.

माझी स्वतःची चूक याच जातीची. आठव्या वर्षी मी साध्या दुर्बिणीऐवजी तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप घेतला. त्या जानेवारीत थापट्या जवळपास दुप्पट. मी आनंदाने दोन-तीन जणांना फोनही केले. मग लक्षात आलं की पलीकडच्या काठाखालच्या थापट्या मला आधी दिसतच नव्हत्या. तेव्हापासून नियम आहे: काहीही बदललं, दुर्बीण, माणूस, वेळ, उभी राहायची जागा, तर एक पूर्ण हिवाळा दोन्ही पद्धतींनी मोजायचं. आधी जुनी, मग नवी. त्यातून दोन्हींचं प्रमाण मिळतं आणि जुने आकडे वाया जात नाहीत. मी ते केलं नव्हतं, म्हणून माझी पहिली सात वर्षं थापट्यांपुरती वेगळी मांडावी लागतात.

साठवण

मूळ नोंद कागदावर, पेन्सिलीने किंवा बॉलपेनने. शाईपेनाचं पान दवात भिजलं की गेलं. त्याच दिवशी संध्याकाळी स्प्रेडशीटमध्ये उतरवा. एका ओळीत एकच नोंद: तारीख, जागा, प्रजाती, मोजणारा, संख्या, शेरा. रंग भरून, रकाने जोडून केलेला सुंदर तक्ता नंतर कुठल्याही गणिताला उपयोगी पडत नाही. माझा एक फोन ओढ्यात पडला आणि त्यातले पाच महिने वाचले ते कागदामुळे. तेव्हापासून तीन प्रती: वही, घरचा संगणक आणि घराबाहेर कुठेतरी एक.

त्याशिवाय प्रत्येक मोजणी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, संपूर्ण यादी म्हणून, वेळ आणि अंतरासह. तिथे संख्येऐवजी नुसतं "होता" असंही नोंदवता येतं, ते करू नका, अंदाजे का होईना आकडा द्या. एक अपवाद: घरट्यांच्या जागा आणि दुर्मीळ पक्ष्यांचे नेमके ठिकाण जाहीर करू नका. फोटोवाल्यांची रांग लागते आणि पक्षी घरटं सोडून जातो.

आकडे वाचायचे कसे

पाच वर्षं झाली की आलेख कागद घ्या. आडव्या रेषेवर वर्षं, उभ्या रेषेवर एका प्रजातीची जानेवारीची सरासरी, आणि त्याच कागदावर वेगळ्या रंगाने पाण्याची पातळी. एका वेळी एकच प्रजाती. सगळ्या पक्ष्यांची बेरीज करून एक रेघ काढू नका. वारकऱ्यांचे थवे एवढे मोठे असतात की पट्टकादंब पूर्ण नाहीसे झाले तरी बेरजेला पत्ता लागत नाही.

मग वर्षं पातळीप्रमाणे लावा: भरलेला तलाव, अर्धा, आटलेला. अर्ध्या तलावाच्या वर्षाची तुलना अर्ध्या तलावाच्याच वर्षाशी करा. त्यातही उतरण दिसली, सलग दिसली आणि शेजारच्या तलावावरही दिसली, तरच "घट" हा शब्द वापरा. तोवर "या तलावावर कमी" एवढंच म्हणा. पट्टकादंब मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात. तिकडे विणीच्या जागी काय झालं, वाटेत काय झालं, हे आपल्या बांधावरून दिसत नाही. आपल्याला मार्गाच्या एका टोकावरचा आकडा माहीत असतो, कारण नाही.

दुसऱ्याच्या हाती देता येईल असं लिहा

वीस वर्षांत तुमचे गुडघे दुखतील, बदली होईल, डोळ्यांत मोतीबिंदू होईल. म्हणून पहिल्याच वर्षी "कसं मोजायचं" हे दोन पानांत लिहून वहीला चिकटवा: जागा, हद्दी, वेळ, नियम, यादी. मग खरी परीक्षा घ्या. ती दोन पानं अशा माणसाच्या हातात द्या ज्याने तुमच्याबरोबर कधी मोजलेलं नाही, आणि तुम्ही घरी थांबा.

मी हे अकराव्या वर्षी केलं. शेजारची कॉलेजात शिकणारी मुलगी गेली. नऊ वाजता तिचा फोन आला, "काका, जागा दोनला मोठ्या बाभळीखाली उभं राहा असं लिहिलंय. बाभूळ कुठाय?" मी गेलो. बाभूळ तीन वर्षांपूर्वी तोडली होती. मी दर महिन्याला तिच्या खोडापाशी उभा राहत होतो आणि आता तर ते खोडही गाळाच्या मातीखाली गेलं होतं. सवयीने पाय तिथे थांबत होते, एवढंच. त्या दिवशी सांडव्यापासून पावलं मोजली, फोनवर अक्षांश-रेखांश टिपले, आणि जागेवर एक मोठा दगड रोवून त्यावर पांढऱ्या रंगाने २ लिहिलं. पुढच्या रविवारी उरलेल्या तिन्ही जागांवरही दगड लागले. तिचा त्या दिवशीचा वारकऱ्यांचा आकडा मात्र वहीत आहे, शेऱ्यासह: "जागा २, साधारण चाळीस पावलं उत्तरेला."